शिकलगारांची सतार आणि तुझी गिटार

इटियाडोह,
ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया

चि. भाचेबुवांस,

हाताने घडवलेली, मोजकीच उरलेली इलेक्ट्रिक गिटार विकत घ्यायचं तुझ्या मनात आहे आणि तिच्या तोंडावर धातूचा कोरीव पत्रा कशासाठी, असं तू विचारलं आहेस. ती घडवणारा लंडनचा टोनी झेमायटिस हा मुळात फर्निचरचं काम शिकलेला कारागीर. इलेक्ट्रिक गिटारीच्या पिकअपमध्ये तारेच्या आवाजाबरोबर विजेची घरघरही शिरते. ती अडवायला त्याने पुढच्या बाजूला धातूचा पत्रा ठोकून पाहिला. म्हणजे आज जिच्यापायी लोक पैसे मोजतात ती शोभा आधी घरघरीवरचा उपाय होती. त्या पत्र्यावर नक्षी कोरायला त्याने डॅनी ओब्रायन या कारागिराला गाठलं, आणि ओब्रायनचा धंदा होता शिकारीच्या बंदुकांवर नक्षी काढण्याचा. रॉनी वूड आणि कीथ रिचर्ड्‌स या रॉक गिटारवादकांच्या हातात या गिटारी गेल्या. २००० साली झेमायटिसने काम थांबवलं, २००२ साली तो वारला.

हत्यारांवर चालणारा हात वाद्याकडे वळल्याची याहून जुनी गोष्ट मिरजेत आहे. शिकलगार म्हणजे तलवारीला धार लावणारे. संस्थानांच्या फौजा ओसरल्या तसं त्यांचं काम आटलं. एकोणिसाव्या शतकात मिरजेच्या फरीदसाहेब शिकलगारांनी सतार-तंबोरे घडवायला घेतले आणि पुढे त्या घराण्यांचं आडनावच सतारमेकर झालं. कडू भोपळा, तुनाचं लाकूड, खुंट्या हे सगळं साहित्य दुसऱ्यालाही मिळेल. खरी मेख जवारीत आहे. तार घोडीला किंचित घासत राहावी आणि स्वर उघडावा, म्हणून घोडीचा माथा कानाने ऐकत घासायचा असतो. पात्याला धार देणाऱ्या हाताला हे काम परकं वाटलं नसावं, असा माझा तर्क आहे. कागदपत्र कुणी मागू नये. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याने गावाच्या नावाचं रक्षण होईल. जवारी काढणारा कान मात्र दाखल्याने तयार होत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं, की दुर्मीळ असतो तो हात. वाद्य ही त्या हाताची खूण. तुम्ही संग्राहक खुणा मोजता आणि हाताकडे बघायचं राहून जातं. यावर तू म्हणशील, मोठ्या किमतींमुळेच कारागिरीला मान मिळतो. २०१९ साली गिटारवादक डेव्हिड गिल्मूरची काळी स्ट्रॅटोकॅस्टर जवळपास ४० लाख डॉलरला गेली. ती कारखान्यातली गिटार होती! किंमत आली ती वाजवणाऱ्याच्या नावाला, आणि पैसा गिल्मूरने पर्यावरणाच्या कामाला दिला. तो भला माणूस, पण घडवणारा या व्यवहारात कुठेच नाही. जुन्या वाद्याची किंमत दहापट झाली तरी ती आधीच्या मालकाच्या खिशात जाते. झेमायटिसच्या बाबतीत तर घडवणाराच उरला नाही, म्हणून भाव चढणार.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: कुणी जमवलंच नसतं तर हे सगळं भंगारात गेलं असतं. खरं आहे. पुण्यात दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, वाद्यं अशा, घरोघर अडगळ ठरलेल्या हजारो वस्तू वेचल्या आणि १९७५ साली सगळा संग्रह राज्य शासनाच्या हवाली केला. एकट्या माणसाचं एवढं काम क्वचितच कुठे सापडेल. पण केळकरांनी जमवलं ते लोकांनी पाहावं म्हणून. बँकेच्या तिजोरीत ठेवलेल्या गिटारीला ही सबब लागू पडत नाही.

वाजवली तर झिजेल, हेही तू म्हणशील. झिजेलच. तंबोऱ्याची जवारी तारेने झिजते आणि पुन्हा काढावी लागते. त्या निमित्ताने गवई मिरजेला येत राहतो नि कारागिराची चूल पेटती राहते. इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याने नेमका हाच फेरा तोडला. त्याची सोय मी नाकारत नाही, प्रवासात तो बरा. उलट बाजूने पाहा: क्वीन बँडच्या ब्रायन मे याने १९६३ साली वडिलांबरोबर घरीच गिटार करायला घेतली, दांडी जुन्या फायरप्लेसच्या लाकडाची, आतल्या स्प्रिंगा मोटारसायकलच्या. ती गिटार क्वीनच्या मैफलींत वर्षानुवर्षं वाजली, दुरुस्त झाली, पुन्हा वाजली. इथे झाडीपट्टीत मंडईच्या जत्रेतल्या नाटकांना ऑर्गन आणि तबला रात्र रात्र राबतात; वाद्य जपायचं म्हणून न वाजवणारा तिथे हसण्यावारी जाईल.

तेव्हा घ्यायची तर घे, मी आडवा येत नाही. फक्त त्याच पैशातून काही भाग आज हयात असलेल्या एखाद्या कारागिराला नवी गिटार करायला दे. आणि ती जुनी घेण्याआधी विक्रेत्याला मागचं झाकण उघडून आतल्या डागकामाचे आणि पत्र्याच्या मागच्या बाजूचे फोटो पाठवायला सांग. पुढची नक्षी सगळेच दाखवतात. आतलं काम कुणी केलं, नंतर कुणी दुरुस्त केलं आणि फ्रेट झिजल्या तर बदलून देणारा तुझ्या गावात कोण आहे, एवढं कळलं की मला लिही.

तुझा,
मामा