सुरकुतलेले हात

कोवळ्या पालवीकडे सारेच पाहतात. जून पानाकडे कोण पाहतो? माणसाच्या कातडीचेही तसेच आहे. तारुण्याच्या कांतीवर कवींनी लिहिले, जाहिरातवाल्यांनी बाजार मांडला. पण म्हाताऱ्या कातडीला काय हवे असते? मला ते आजीमुळे कळले.

आजी मुरबाड तालुक्यातली. सारा जन्म भाताच्या आवणीत, गुडघाभर चिखलात गेलेला. गेल्या पौषात तिच्या पायांना आणि पाठीला विलक्षण खाज सुटली. रात्र रात्र ती ओरबाडीत बसे. ‘खरूज असेल, पोरांना लागेल,’ असे शेजारीपाजारी कुजबुजले आणि तिचे अंथरूण माजघरातून ओटीवर गेले. खाजेपेक्षा हेच तिला अधिक झोंबले. मला म्हणाली, “आता मला कुणी हातबी लावीत नाही गं!”

मी तिला शहापूरला डॉक्टरांकडे नेले. बोटांच्या बेचक्या निरखून, घरात आणखी कुणाला खाजते का ते विचारून त्यांनी सांगितले, “ही खरूज नव्हे. कातडी कोरडी पडली आहे.”

कातडीचा वरचा थर तरुणपणी सुमारे 28 दिवसांत नवा होतो. उतारवयात त्याला अधिक दिवस लागतात. आतल्या तैलग्रंथी मंदावतात, कातडी पातळ होते, जखम सावकाश भरते. त्यात थंडीचे वारे, कढत पाणी आणि कपड्याचा साबण! म्हसाच्या यात्रेतून हौसेने आणलेली घोंगडीही तिला टोचत होती.

उपाय साधेच निघाले. कोमट पाण्याची झटपट आंघोळ, साबण बेताचा, आणि अंग ओलसर असतानाच व्हॅसलीन. घोंगडीखाली जुन्या लुगड्याची मऊ घडी. नखे कापलेली. खाज तरीही राहिली, तर मूत्रपिंड, यकृत वा थायरॉईडची तपासणी करावी लागेल, असेही डॉक्टरांनी बजावले होते. तशी वेळ आली नाही.

व्हॅसलीन लावताना एक गोष्ट ध्यानात आली. चोळीच्या बाहीखालचा तिचा दंड अजून मऊ आहे. मनगटापाशी मात्र कातडी सुकलेल्या शेतासारखी. वय दोन्हींचे एकच! फरक उन्हाचा. आमच्या सुरकुत्या निम्म्या वयाच्या, तर निम्म्या उन्हातल्या कष्टांच्या म्हणाव्या काय? 1892 साली पुरे झालेले तानसा धरण शहापूर तालुक्यातच, भातसाही तिथलेच. दोन्हींचे पाणी मुंबईला जाते आणि तालुक्यातल्या पाड्यांवरच्या बाया वैशाखात डोक्यावर हंडे घेऊन चालतात. त्यांना ‘उन्हात जाऊ नका’ असे कोणत्या तोंडाने सांगावे? डोईवर पदर, लांब बाह्या आणि सकाळच्या खेपा, एवढेच सांगता येते. बाकीचे उत्तर वैद्यकाकडे नाही.

पंधरवड्यात आजीची खाज ओसरली. अंथरूण माजघरात आले. आता धाकटी चुलत बहीणच तिच्या पायांना व्हॅसलीन लावते. त्या डबीत औषध किती आणि त्या बोटांत किती, हे मला अजून ठरवता आलेले नाही.