पांढरं सोनं की पिवळं : एका अंगठीचं टिपण



पांढरं सोनं म्हटलं की विदर्भ-मराठवाड्यातल्या आपल्या मित्रांना कापूस आठवेल. आमच्या मोहोपाड्याकडं कापूस नाही. पावसाळ्यात भात, त्याच्या मागं अंगओलितावर वाल. त्यामुळं 'पांढरं सोनं' हा शब्द आमच्या घरात शिरला तो मुलाच्या साखरपुड्याच्या निमित्तानं. आज शेताचं टिपण शेवटी दोन ओळी. आधी अंगठीचं सांगतो, कारण सध्या लग्नसराई आहे आणि तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी हाच विषय चालला असेल.

मुलगा म्हणाला, "बाबा, अंगठी हिऱ्याची घ्यायची आणि पांढऱ्या धातूत. आता सगळे तशीच घेतात." मी म्हटलं, सोनं पिवळंच. पांढरी अंगठी आणि चांदीची अंगठी लांबून सारखीच दिसते, मग एवढे पैसे घालायचे कशाला? दोन दिवस घरात हाच वाद. शेवटी आम्ही दोघं नवरा-बायको, मुलगा आणि होणारी सूनबाई असे चौघं पनवेलला सराफाकडं गेलो. सराफ जुना माणूस. त्यानं विकायची घाई केली नाही, समजावून सांगितलं. त्यातलं जे कळलं ते असं.

पहिली गोष्ट, कॅरट दोन आहेत. सोन्याचं कॅरट म्हणजे शुद्धता, चोवीस भागांतले किती भाग सोनं. हिऱ्याचं कॅरट म्हणजे वजन. एक कॅरट म्हणजे २०० मिलिग्रॅम, आणि त्याचे १०० सेंट. आम्ही बघत होतो तो हिरा २० सेंटचा, म्हणजे ४० मिलिग्रॅम. भाताच्या हजार दाण्यांचं वजन साधारण २० ते २५ ग्रॅम धरा. म्हणजे हा हिरा वजनानं भाताच्या दोन दाण्यांएवढा! एवढ्याशा खड्यासाठी आम्ही चौघं एसटीनं गेलो होतो.

दुसरी गोष्ट, पांढरं सोनं हे सोनंच आहे. हिऱ्याची अंगठी बहुधा १८ कॅरटमध्ये करतात, कारण २२ कॅरटचं सोनं मऊ, खडा धरून ठेवायला कमी पडतं. १८ कॅरट म्हणजे ७५ टक्के सोनं. राहिलेल्या २५ टक्क्यांत तांबं आणि चांदी घातली की पिवळं, आणि निकेल किंवा पॅलेडियम घातलं की फिकट पांढरं. पण ते पूर्ण पांढरं होत नाही, थोडी पिवळी झाक राहतेच. म्हणून वरून ऱ्होडियम नावाच्या धातूचा मुलामा देतात. आपल्या पितळेच्या पातेल्याला कल्हई करतात ना, तसंच समजा. आणि कल्हईसारखाच तो मुलामा झिजतो. रोज वापरली तर वर्ष-दोन वर्षांत अंगठीच्या खालच्या बाजूनं पिवळसर दिसायला लागतं, मग पुन्हा मुलामा करून घ्यायचा. पिवळ्याला ही कटकट नाही.

तिसरा धातू प्लॅटिनम. तो मुळातच पांढरा, मुलामा लागत नाही. ग्रॅमचा भाव गेली काही वर्षं सोन्यापेक्षा कमी आहे, पण धातू जड. १८ कॅरट सोन्याची जी अंगठी ४ ग्रॅमची होते, तीच त्याच मापात प्लॅटिनमची सव्वापाच ग्रॅमच्या आसपास जाते. मजुरीही जास्त. सोनं १०६४ अंशाला वितळतं, प्लॅटिनम १७६८ अंशाला. म्हणजे बोट जाड झालं आणि अंगठी वाढवायची म्हटली तर आपल्या गावातल्या सोनाराच्या भट्टीचं ते काम नाही.

चौथी गोष्ट मला सगळ्यात आवडली. हिऱ्याच्या रंगाची प्रत असते, इंग्रजी डी अक्षरापासून झेडपर्यंत. डी म्हणजे पाण्यासारखा स्वच्छ, पुढं पुढं पिवळी झाक वाढत जाते. आपण भाताला युरिया द्यायचा की नाही ते ठरवायला पानाच्या रंगाचा तक्ता धरतो, तसाच हा तक्ता. तिथं हिरवा बघायचा, इथं पिवळा. पान तक्त्याला लावताना आपण अंगाची सावली करतो, उन्हात रंग फसवतो म्हणून. सराफानंही हिरा दिव्याखालून बाजूला घेतला, पांढऱ्या कागदाच्या घडीत पालथा ठेवला आणि म्हणाला, आता बघा. आमचा खडा 'जे' प्रतीचा होता. कागदावर किंचित पिवळा दिसला. मग त्यानं तो पिवळ्या सोन्याच्या अंगठीवर धरला, तर पांढरा दिसला. पांढऱ्या अंगठीवर धरला, तर झाक उठून आली. धातूच्या शेजारामुळं खडा बदलतो. म्हणजे पिवळ्या सोन्यात थोडा खालच्या प्रतीचा, स्वस्त खडा खपून जातो. पांढऱ्यात वरची प्रत घ्यावी लागते, आणि तिला पैसे जास्त.

मला एवढंच पाहिजे होतं. मी म्हटलं, झालं तर. पिवळं घ्या. मुलाम्याचा खर्च नाही, खडा मोठा मिळतो, आणि वेळ आली तर सोनेतारणाला चालतं.

त्यावर सूनबाई हळूच म्हणाली, "काका, गहाण ठेवायची वेळ येणारच, असं धरून अंगठी घ्यायची का?"

मी गप्प झालो. तिचं चुकलं नव्हतं, पण माझंही कारण होतं. २६ जुलै २००५ ची रात्र आमच्या भागात कुणी विसरलेलं नाही. पाताळगंगेचं पाणी खाचरात शिरलं. लावणी होऊन पंधरा दिवस झालेले. पाणी उतरलं तेव्हा भाताच्या जागी गाळ होता. रोपं कुठंच शिल्लक नव्हती. मोड आलेलं बी विकत घेऊन रहू टाकायचा, तर हातात पैसा नाही. तेव्हा हिच्या पाटल्या मी तारण ठेवल्या. त्या सोडवायला दोन वर्षं गेली. ती दोन वर्षं ही लग्नकार्यात काचेच्या बांगड्यांवर गेली. तेव्हापासून माझ्या डोक्यात पक्कं बसलंय, दागिना म्हणजे अडीनडीचं बियाणं.

हे सगळं मी तिथं सूनबाईला सांगितलं. मला वाटलं, बायको मान डोलावेल. ती सराफाच्या गादीकडं बघत म्हणाली, "हात मोकला रायला त्याचा काय नाय. पन तुमी मना इचारला नव्हता."

वीस वर्षांत हे ती पहिल्यांदा बोलली. खरं होतं. सकाळी कपाटातून पाटल्या काढल्या आणि निघालो होतो. घर वाचवायला निघालोय, तर विचारायचं काय, असंच मला वाटलं होतं. दुकानात कुणी काही बोललं नाही. सराफानं चहा मागवला.

मग मी सूनबाईला म्हटलं, "पोरी, बोट तुझं आहे. सगळं ऐकलंस. तू सांग."

तिनं लगेच सांगितलं नाही. आधी सराफाला विचारायला लागली. ती पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला आहे, दिवसभर हातमोजे. खड्याला वर आलेली नखं असली तर मोजा फाटतो. सराफ म्हणाला, मग बंद कोंदण घ्या, चारी बाजूंनी धातूची कड. खोटे कानातले घातले की तिचे कान चिडतात, खाज सुटते. सराफ म्हणाला, ते बहुतेक निकेलचं काम. पांढरं घ्यायचं तर पॅलेडियम घातलेलं घ्या, थोडं महाग पडेल. मुलामा पुन्हा करावा लागेल हेही तिला कळलं होतं.

शेवटी तिनं पांढरं सोनंच घेतलं. पण खडा २० सेंटवरून १५ सेंटवर आणला आणि प्रत 'जे'वरून 'जी' केली. म्हणजे भाताचा दीड दाणा, पण स्वच्छ. खर्च आमच्या ठरलेल्या आकड्यातच बसला. मुलगा मोठ्या खड्यासाठी कुरकुरला, तर तिनं त्याच्याकडं नुसतं बघितलं.

आणि माझ्या तारणाच्या काळजीचं म्हणाल, तर तिथंही मीच अर्धा चुकीचा होतो. अंगठीतलं सोनं ४ ग्रॅम, १८ कॅरट. तारण ठेवताना खड्याचं वजन वजा होतं आणि सोनं २२ कॅरटच्या हिशेबात धरतात, म्हणजे सव्वातीन ग्रॅमच्या आसपास. रंग पिवळा असो की पांढरा, हिशेब तोच. प्लॅटिनमवर मात्र आपल्याकडच्या बँका-पतपेढ्या सहसा कर्ज देत नाहीत. आणि हिऱ्याचे पैसे तारणात कुठल्याच धातूत धरत नाहीत, म्हणून अडीनडीसाठी पैसे ठेवायचे असतील तर ते हिऱ्यात घालू नका. त्यासाठी साधी वेढणी बरी.

घेणाऱ्यांसाठी थोडक्यात :

- बीआयएसचं त्रिकोणी चिन्ह, १८ कॅरटसाठी ७५० चा आकडा आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, तिन्ही बघा. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर हा सहा अक्षरांचा क्रमांक लागतो. 'बीआयएस केअर' ॲपवर तो तिथल्या तिथं टाकून बघता येतो. प्लॅटिनमवर ९५० चा आकडा बघा.
- बिलावर सोन्याचं निव्वळ वजन आणि खड्याचं वजन वेगळं लिहून घ्या.
- पांढरं घेत असाल तर पुन्हा मुलामा करायला किती पैसे लागतील ते आधीच विचारा.
- विहिरीत टीसीएल पावडर टाकताना अंगठी काढून ठेवा. क्लोरीन सोन्याच्या मिश्रधातूला खातं, निकेलवाल्या पांढऱ्याला जास्त.
- आणि जिच्या बोटात जायची आहे तिला विचारा. हे मला उशिरा कळलं.

घरी आल्यावर हिला विचारलं, तुझ्या पाटल्या झिजल्यात, बदलून घ्यायच्या का? म्हणाली, "विचार करून सांगते." अजून सांगितलेलं नाही. मीही घाई केलेली नाही.

शेतातलं : वालाला फुलोरा लागलाय. शेंड्यावर मावा दिसतोय का ते सकाळी फिरून बघा, आणि शेंगा धरायला लागल्या की अळीवर नजर ठेवा.