शंभराचे पेट्रोल आणि आक्काचे गाव

वाचकहो, येळवस जवळ आली की आमच्या लातूर-नांदेडकडच्या माणसाचा पाय घरात ठरत नाही. शेतात कडब्याची कोपी उभी राहते, आंबिलाची मडकी भरतात, भज्जी शिजते, बाजरीचे उंडे होतात आणि ज्याच्या शेतात ज्वारी पोटऱ्यात आली आहे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारून जेवायला बसवतो. माझी थोरली बहीण, आम्ही तिला आक्का म्हणतो, चाकूर तालुक्यात दिलेली आहे. गेल्या येळवशीला मी नांदेडहून मोटारसायकलीने तिच्या शेतावर गेलो आणि दुसऱ्या दिवशी लातूरला शिकणाऱ्या नातवाला डबा देऊन परत आलो. त्या दोन दिवसांच्या वाटेवर जे दिसले, ते तुमच्यापुढे मांडतो. तुमच्याही घराशी त्याचा संबंध आहे.

नांदेडचा मुलाकडचा मुक्काम आटोपून पहाटे निघालो. गुरुद्वाऱ्याच्या बाजूला दिवे होते, गोदावरीवर धुके होते. पूल ओलांडून विष्णुपुरीच्या रस्त्याला लागण्याआधी पंपावर थांबलो. माझ्यापुढे सात-आठ गाड्या होत्या. पंपावरचा पोरगा विचारत होता, "किती टाकू काका?" आणि जो तो सांगत होता, "शंभरचं टाक." कोणी एकशेदहाचे म्हणत होता. गोल आकडा सांगितला की माप कमी पडते, असा लोकांचा समज आहे. एका म्हाताऱ्याने पन्नासाची नोट पुढे केली. टाकी भरा, असे म्हणणारा एकही निघाला नाही.

पूर्वी आपण लिटर मागत होतो, आता रुपये मागतो. भाव वाढला तरी खिशातून जाते तेवढेच, पण चाक आधी थांबते. मापाबद्दल मात्र एक सांगतो. शंका आली तर एकशेदहाचा उपाय नको. प्रत्येक पंपावर पाच लिटरचे प्रमाणित माप ठेवलेले असते. ते मागून मोजून घेण्याचा तुम्हाला हक्क आहे. भांडण न करता मागावे.

आता आपल्याकडेच पेट्रोल महाग का, हा प्रश्न पारावर नेहमी निघतो. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी शंभरातले पंच्याऐंशी भाग आणि वर बाहेरून येते. त्यावर केंद्राचे उत्पादन शुल्क आणि राज्याचा कर बसतो. हे सगळ्यांनाच आहे. पण मराठवाड्याला आणखी एक गोष्ट भोवते, ती म्हणजे अंतर. तेलाचे मोठे डेपो मनमाडजवळ पानेवाडीला आणि सोलापूरजवळ पाकणीला. तिथून टँकर शेकडो किलोमीटर चालून येणार, त्याचे भाडे लिटरमागे चढणार. म्हणून राज्यात चढ्या दराची बातमी आली की परभणी-नांदेडचे नाव पुढे असते. २०१८ च्या सप्टेंबरात परभणीत लिटर नव्वदीपार गेले, तेव्हा ते देशभर गाजले. २०२१ साली शंभरी ओलांडली. मग २०२१ च्या नोव्हेंबरात आणि २०२२ च्या मेमध्ये केंद्राने शुल्क उतरवले, २०२२ च्या जुलैत राज्याने लिटरमागे पाच रुपये कमी केले आणि २०२४ च्या मार्चमध्ये दोन रुपये उतरले. एवढे होऊनही शंभराची नोट देऊन पुरे एक लिटर काही हाती आले नाही.

त्याच २०२१ सालच्या पावसाळ्यात लातूरच्या बाजारात सोयाबीन काही दिवस क्विंटलला दहा हजारांवर गेले होते. पुढे ते असे घसरले की २०२४ साली ४,८९२ रुपयांचा हमीभावही बाजारात मिळेना. सोयाबीन दहा हजारांवरून खाली आले, पेट्रोल मात्र शंभराच्या वरच राहिले. शेतकऱ्याची गाडी का थांबते, हे यात आले.

महागाईने माणसाची वाहने बदलण्याची ही पहिली वेळ नव्हे. बहात्तरचा दुष्काळ मी शाळकरी वयात पाहिला. त्याच्या पाठोपाठ १९७३ च्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेल आखडले आणि तीन डॉलरच्या आसपास मिळणारे पिंप १९७४ उजाडताना अकरा डॉलरच्या वर गेले. आमच्या गावात तेव्हा एकच राजदूत होती. बाकीच्यांची सायकल नाहीतर बैलगाडी, त्यामुळे झळ लागली ती रॉकेलची. शहरात मात्र लोक कमी पेट्रोलवर चालणाऱ्या गाडीकडे वळले. १९७२ साली निघालेली लूना मास्तरांच्या आणि दूधवाल्यांच्या दारात दिसू लागली. मग १९८५ साली चार-स्ट्रोकची हिरो होंडा सीडी-१०० आली आणि लिटरला ऐंशी किलोमीटरची भाषा सुरू झाली. तोवर पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून धूर काढत जाणाऱ्या गाड्या. गडी लग्नात गाडी मागताना आधी 'ॲव्हरेज' विचारू लागला, तो तेव्हापासून.

असो. वाटेला लागू. विष्णुपुरीला विद्यापीठ मागे टाकून सोनखेड, लोहा केले. लोह्याच्या पुढे माळेगाव. खंडोबाची जत्रा याच दिवसांत भरते, घोडे, गाढवे, उंट, जनावरे यांचा मोठा बाजार. दरवर्षी या रस्त्याला मोटारसायकलींची रांग लागते. या खेपेला पाहिले, तर एकेका टेम्पोत वीस-वीस माणसे वर्गणी करून आलेली. एका गावची मंडळी चहाला थांबली होती. त्यांना विचारले, तर म्हणाले, "दहा गाड्या आणल्या तर दहा जणांचं पेट्रोल. टेम्पोला एकदाच डिझेल. अन् पिऊन गाडी चालवायची भीती नाही." हिशेब चोख होता.

एसटीनेही सवयी बदलल्या आहेत. २०२२ च्या ऑगस्टपासून पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी मोफत झाली आणि २०२३ च्या मार्चपासून बायकांना अर्धे तिकीट झाले. तेव्हापासून कित्येक घरांत नवरा-बायको एका गाडीवर जायचे, ते वेगळे जाऊ लागले. बाई एसटीने, गडी घरी. लग्न, बारसे, दवाखाना सगळे बाईच करून येते. शिरूर ताजबंदच्या थांब्यावर मी मोजले, चढणाऱ्या पंधरा जणांत अकरा बाया होत्या. पेट्रोल महागल्याने का होईना, बायकांना आपल्या पायाने जग दिसू लागले, हेही खरेच आहे.

पण काही काटकसरी जिवावर बेतणाऱ्या आहेत. अहमदपूरच्या अलीकडे-पलीकडे बालाघाटचे चढ-उतार लागतात. उतार आला की पोरे इंजिन बंद करून गाडी सोडतात. किती वाचते? दोन किलोमीटरच्या उताराला दोन-चार रुपयांचे पेट्रोल. आणि गियरचा धरबंद सुटलेली गाडी समोर म्हैस आली तर आवरत नाही. तसेच एका गाडीवर तिघे-चौघे बसणे आणि बाटलीत पेट्रोल भरून घरात चुलीच्या आसपास ठेवणे. रुपया वाचवताना घर पेटवू नका.

दुसरी खोटी काटकसर सीमेवरची. देगलूर, उदगीर, निलंगा या भागातून कर्नाटक जवळ. तिकडे दर उतरला की इकडची माणसे टाकी भरायला जातात. कामानिमित्त जाणे झाले तर जरूर भरा. पण मुद्दाम जात असाल तर हिशेब करा. लिटरमागे पाच रुपयांचा फरक धरा. चार लिटर भरले, वीस रुपये वाचले. जाऊन-येऊन वीस किलोमीटर झाले, तर चाळीस रुपयांचे पेट्रोल वाटेतच जळाले. स्वस्त म्हणून आणले आणि वीस रुपयांना महाग पडले.

मग खरी काटकसर कोणती? चाकातली हवा आठवड्याला बघा; चाक बसके असले की गाडी जड ओढते. एअर फिल्टर साफ ठेवा, चेनला तेल द्या. क्लचवर बोटे ठेवून गाडी चालवू नका. चाळीस ते पन्नासच्या वेगात ठेवा. सत्तरने गेलात तर दहा मिनिटे वाचतील आणि पेट्रोल वाया जाईल. फाटक बंद असेल, कोणाशी बोलत उभे असाल, तर इंजिन बंद करा. तालुक्याला जाण्याआधी शेजाऱ्याला विचारा, त्याचेही खत-बियाणे, औषध आणता येईल. शेत अर्ध्या कोसावर असेल तर चालत जा. आपले वडील जातच होते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये शंभरात वीस भागांपर्यंत इथेनॉल असते. ते उसापासून, मक्यापासून होते. म्हणजे आपल्या बांधावरचा ऊस आपल्याच टाकीत येतो, ही चांगली गोष्ट. पण इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ताकद सुमारे तिसऱ्या हिश्श्याने कमी, म्हणून ॲव्हरेज थोडे उतरते. शिवाय ते पाणी ओढून घेते. पावसाळ्यात टाकीचे झाकण नीट बसते का पाहा, गाडी महिनोन् महिने उभी ठेवू नका आणि जुनी गाडी असेल तर रबरी नळ्या तपासून घ्या.

हे सगळे मी स्वतः करतो. म्हणून पुढचे सांगायला जरा जड जाते.

माझी ही फेरी, आक्काचे गाव आणि लातूर धरून, जाऊन-येऊन २९० किलोमीटरची. गाडी लिटरला ५५ देते. दर १०५ धरला तर साडेपाचशे रुपये. पूर्वी मी महिन्याला एक चक्कर करीत असे. वर्षाचे साडेसहा हजार होतात. एका एकराचे सोयाबीनचे बियाणे आणि खत निघते. म्हणून २०२१ पासून मी चक्कर कमी केली. महिन्याची तिमाही झाली, मग दिवाळी आणि येळवस. बाकी फोन. फोनवर आक्का नेहमी म्हणायची, "बरं हाय बघ सगळं. उगं पेट्रोल जाळत येऊ नको." मलाही ते सोयीचे वाटे.

शेतावर पोचलो तेव्हा कोपीत पांडवांची पूजा झाली होती. दाजी, भाचे, सुना सगळे होते. आक्का एका बाजूला बसून होती. मी वाकून नमस्कार केला, तर तिने चेहऱ्याजवळ हात आणून माझे तोंड चाचपले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. वर्षभरापासून. पोरे सुगीच्या मागे, दाजींचे गुडघे धरलेले, आणि लातूरला दाखवायला न्यायचे तर कोणाची गाडी, कोणाचे पेट्रोल, म्हणून तिने कोणालाच सांगितले नव्हते. फोनवर डोळे दिसत नाहीत, वाचकहो.

"मला का नाही सांगितलंस?" मी विचारले.

"तू काय एवढ्या लांबून माझ्या डोळ्यांसाठी येणार व्हय?" ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. तोच मला जास्त लागला.

दुसऱ्या दिवशी मी तिला लातूरला नेले. गाडीवर नाही, गाडी तिच्या दारात लावली आणि आम्ही एसटीने गेलो. तिचे अर्धे तिकीट, माझे पुरे. आष्टामोड आले तसे ती खिडकीशी सरकली. लातूरला उतरून आधी नातवाकडे गेलो. त्याने डबा घेतला आणि आजीचा हात धरून तोच आम्हाला दवाखान्यात घेऊन गेला. तपासणी झाली, शस्त्रक्रियेची तारीख मिळाली. परतताना गंजगोलाईत तिला बांगड्या घेऊन दिल्या. सोळा रस्ते जिथे मिळतात, त्या गोलाईत उभी राहून ती म्हणाली, "माणसं लई दिसत्यात, पर तोंडं दिसंनात." महिन्याभरात एका डोळ्याचे काम झाले. दुसऱ्याचे उन्हाळ्याआधी झाले. आता ती फोनवर मला माझ्या गावच्या एसटीची वेळ सांगते.

तुम्हाला एवढेच सांगायचे आहे. पेट्रोलचा हिशेब जरूर ठेवा, वहीत लिहा. पानपट्टीपर्यंतची फेरी तोडा, रिकामी भटकंती तोडा, उगाच गाडी गुरगुरवणे तोडा. पण कोणती फेरी तोडतो आहोत, ते एकदा तपासा. आपण बहुधा तीच आधी तोडतो, जिच्याबद्दल कोणी तक्रार करणार नाही. म्हाताऱ्या आईची, दिलेल्या बहिणीची, एकट्या मावशीची. त्या स्वतःहून कधी बोलावणार नाहीत. उलट येऊ नको म्हणतील.

गाडीला जमत नसेल तर एसटी आहे, गावातला टेम्पो आहे, शेजाऱ्याची मागची सीट आहे. येत्या येळवशीला वाटेत कोणाचे गाव लागते, ते आजच आठवून ठेवा. आंबील प्यायला म्हणून जा आणि जवळ बसून तोंडाकडे नीट बघून या.