आंबोलीचा घाट आणि जुनी मोटार

सावंतवाडीहून बेळगावकडे जाणारा रस्ता दाणोली मागे टाकून घाटास लागतो आणि सुमारे ६९० मीटर उंचीवरील आंबोलीस पोचतो. अतिवृष्टीसाठी प्रसिद्ध असलेल्या ह्या वाटेवर कार्ब्युरेटरच्या जुन्या मोटारीची खरी परीक्षा होते. अ‍ॅम्बॅसडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले; तरी काही घरांनी ती जपली आहे, आणि रात्री-अपरात्री आजाऱ्यास शहरात नेण्याचा भार तिच्यावरच पडतो.

घाट चढून तापलेली मोटार थांबविली, की कार्ब्युरेटरातील पेट्रोल उष्णतेने उकळून इंजिनात उतरते. पेट्रोलचा उग्र वास आल्यास चोक ओढू नये. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरावा व स्टार्टर फिरवावा. वास मुळीच नसेल, तर नळीत वाफ अडली असण्याचा संभव असतो. पेट्रोलच्या पंपावर ओले फडके ठेवून तो निवेपर्यंत धीर धरावा.

पावसाळी पहाटेचे दुखणे निराळे. स्टार्टर मंद फिरला, तर प्रथम बॅटरी व तिची टोके पाहावीत. तो जोमाने फिरूनही इंजिन मुकेच राहिले, तर डिस्ट्रिब्युटरचे झाकण व तारा कोरड्या फडक्याने पुसाव्यात. ओलाव्याने ठिणगी वाटेतच विरते. ठिणगी चांगली पडत असेल, तर मग चोक नीट बंद होतो की नाही हे तपासावे.

वाचकहो, ही सारी पाहणी पावसाळ्यापूर्वी आपल्या अंगणातच करून ठेवावी. घाटातल्या धुक्यात कण्हणाऱ्या आजाऱ्याशेजारी शिकण्याची ही विद्या नव्हे.