वाकळ

आमच्या तात्यांची लढाई शाळेतल्या पोरांना तोंडपाठ आहे. प्रजासत्ताक दिनाचे झेंडावंदन झाले की मीच त्यांना बोलायला उभे करतो आणि पोरे ओरडतात, "गोळीची गोष्ट!" मग तात्या सुरू करतात. १९७१चा डिसेंबर. पूर्व पाकिस्तानातले जामालपूर. शहरात बलुच पलटण ठाण मांडून बसलेली. ९ तारखेला आपल्या ब्रिगेडियर क्लेरसाहेबांनी त्यांना शरण येण्याविषयी पत्र धाडले. त्यांच्या सुलतान अहमदसाहेबांचे उत्तर आले, आणि उत्तरासोबत बंदुकीची एक गोळी! टाळ्याच टाळ्या. मी पडलो कादंबऱ्या लिहिणारा; खोटे कशाला बोलू, ती गोळी मी एका कादंबरीत वापरूनही टाकली आहे.

२०१८ साली तात्या एकाएकी म्हणाले, "मला एकदा जामालपूरला न्हेशील का रं?" वय ६९, गुडघे कुरकुरणारे, काकूला जाऊन दोन वर्षे झालेली. सामान काय, तर दोन धोतरे आणि सुतळीने आवळलेले एक गाठोडे.

कोलकात्याहून ढाक्याला जाणारी मैत्री एक्सप्रेस तेव्हा चालू होती. त्या गाडीत, गाठोड्यावर हात ठेवून, तात्यांनी जे सांगितले ते शाळेत कधीच आले नव्हते.

"नदी वलांडून आमची जंगी पलटण शहराच्या दक्षिणेला, टांगाईलच्या रस्त्यावर बसली. माघारीची वाटच आवळली म्हण ना. कपडे वले, थंडी मरणाची. बांधापल्याड एक झोपडं व्हतं. तिथली बाई आली, काय बोलली देव जाणे, अन् आपली वाकळ माझ्या अंगावर टाकून गेली. १० तारखेच्या रात्री ते निसटायला म्हणून आमच्यावरच चालून आले. रातभर गोळीबार. माझा जोडीदार पडला. त्याला त्याच वाकळंत गुंडाळला. सकाळी त्याला न्हेला, ती बी गेली."

"मग?"

"मग काय? उजाडल्यावर ती बाई बांधावर उभी. घरात पोरं काकडत असतील का न्हाई? मी तिकडं बघितलंच न्हाई. पाठ फिरवली."

११ तारखेला जामालपूर पडले, १६ला ढाका. मी वर्गात शिकवतो ते एवढेच.

ही गोष्ट तात्यांनी एकट्या काकूला सांगितली होती. शेवटच्या आजारात, अंथरुणावर बसून, तिने आपल्या जुन्या लुगड्यांची एक वाकळ शिवली. "जमलं तर देऊन या," इतकेच म्हणाली.

जागा सापडणार कशी? डांबरी रस्ता, दुकाने, पत्र्याची घरे. तात्या कापणी झालेल्या भातखाचरांतून फिरत होते. "इथं... न्हाई, इथं." तीनदा जागा बदलली. शेवटी एका अंगणात पाणी मागितले, तर तिथे बायका कांथा शिवीत बसलेल्या. कांथा म्हणजे बंगालची गोधडीच. तेच जुन्या साड्यांचे थर, तोच धावदोरा. फक्त तिच्यावर वेली आणि मासे उमलतात. जामालपूरची नक्षी कांथा तर नावाजलेली.

तात्यांनी सुतळी सोडली. आमच्या बरोबर हिंदी जाणणारा कॉलेजातला एक मुलगा होता. त्याने सारी हकीकत सांगितली. पन्नाशीची एक बाई पुढे झाली. १९७१ साली ही पाच-सहा वर्षांची पोर असेल. तिने वाकळ उलटसुलट केली, उजेडात धरली, टाक्यांवरून बोट फिरवले आणि काही बोलली. मुलगा ओशाळला.

"म्हणते, टाके फार मोठे आहेत."

तात्या खदखदून हसले. काकू गेल्यापासून मी त्यांना असे हसताना पाहिले नव्हते. मग डोळे पुसून म्हणाले, "सांग तिला, शिवणारीचा हात थरथरत व्हता."

ते ऐकून बाई गप्प झाली. वाकळीची नीट घडी घालून ती आत गेली आणि बाहेर आली ती एक नवी कांथा घेऊन. पैसे काही केल्या घेईना.

परतीच्या गाडीत तात्यांच्या मांडीवर पुन्हा गाठोडे होतेच. बराच वेळ ते खिडकीबाहेर पाहत होते.

"लेका," ते म्हणाले, "हे लई अवघड झालं. फेडाय गेलो, अन् परत घेऊनच आलो की रं."