दगडाचे पीठ : जमिनीचे टॉनिक

अंगात रक्त कमी असले की लोहाच्या गोळ्यांनी माणूस उभा राहतो. पण ज्याच्या रक्तात लोह आधीच जास्त आहे, त्याला त्याच गोळ्या अपाय करतात. म्हणून आधी तपासणी, मग औषध. जन्मभर परिचारिकेचे काम करून हा एक नियम माझ्या हाडात भिनला आहे. हल्ली इकडे पुष्कळजण विचारतात, "सिस्टर, बागेत काळ्या दगडाची भुकटी टाकली तर झाडे जोमाने वाढतात म्हणे, खरे का?" त्यांना मी हाच नियम सांगते.

कल्पना नवी नाही. अमेरिकेतील जॉन हॅमेकर यांनी डॉन वीव्हर यांच्यासह 1982 साली पुस्तक लिहून सांगितले की, मातीतील खनिजे संपत आली आहेत. दगडाची पूड घालून जंगले सावरली नाहीत तर हिमयुग येईल. हिमयुग आले नाही, पृथ्वी उलट तापली. तरी मातीचा मुद्दा अगदीच फोल नव्हता. पावसाचे पाणी हवेतील कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होते. ते दगडाची भुकटी हळूहळू विरघळवते. त्यातून कॅल्शियम, मॅग्नेशियम, थोडे पोटॅशियम मुळांना मिळते, आणि हवेतील तो कार्बनही पाण्यात बांधला जातो.

अमेरिकेत हबर्ड ब्रुक येथील जंगलात आम्ल पावसाने मातीतले कॅल्शियम धुऊन नेले होते व शुगर मेपलची झाडे खंगत चालली होती. ऑक्टोबर 1999 मध्ये सुमारे 12 हेक्टरांवर हेलिकॉप्टरमधून वोलॅस्टोनाइट या कॅल्शियमयुक्त खनिजाच्या गोळ्या टाकल्या. पुढील काही वर्षांत मेपलचे शेंडे भरले, नवी रोपे वाढली. इलिनॉय राज्यात चार वर्षे दरवर्षी हेक्टरी 50 टन बेसाल्टची पूड घातली, तेव्हा मका व सोयाबीनचे पीक 12 ते 16 टक्के वाढल्याचे 2024 साली प्रसिद्ध झाले. वाचकहो, 50 टन म्हणजे काही मूठभर नव्हे! दळण्याचा आणि वाहतुकीचा खर्चही त्यात धरायला हवा.

आता आपल्या इस्रायलचे पाहू. गोलानची जमीन मुळात बेसाल्टचीच. बेरशेवाकडची माती चुनखडीयुक्त आणि पाऊस वर्षाला सुमारे 200 मिलिमीटर. आंबटपणा नाही, पाणी नाही, मग दगड विरघळणार कसा? येथे कंपोस्ट व ठिबकाचे पाणीच गुणकारी. दगडाच्या भुकटीत नत्र नसते, त्यामुळे शेणखताची जागा ती कुठेच घेऊ शकत नाही.

कोकणातली गोष्ट वेगळी. रत्नागिरीकडची जांभ्याची तांबडी माती बेसाल्टचीच लेक. पण लाखो वर्षांच्या धो धो पावसाने तिच्यातला चुना व मॅग्नेशियम वाहून गेले, लोखंड तेवढे उरले. ती आंबट आहे, ऊनपाऊसही भरपूर. असल्या रोग्याला हे औषध लागू पडण्याचा संभव आहे.

ज्यांची तिकडे अजून वाडी असेल त्यांनी प्रथम मातीची तपासणी करून घ्यावी, मग दोनचार झाडांना पूड घालून दोन पावसाळे वाट पाहावी. पूड ओली करून टाकावी आणि नाकातोंडावर चांगला मास्क बांधावा. दगडाच्या बारीक धुळीतील सिलिका फुप्फुसात बसली की ती निघत नाही, आणि त्या रोगावर बरे करणारे औषध अजून नाही.