स्पितीची वाट आणि साठीनंतरची मोटारसायकल

साठी ओलांडलेल्या माणसाने मोटारसायकलवरून हिमालयात जाण्याचा विषय काढला की घरातील कुणी तो हसण्यावारी नेतो, तर कुणी घाबरून मोडता घालतो. हा प्रश्न या दोहोंनीही सुटत नाही. गाडी किती जड आहे, वाट किती झपाट्याने उंच चढते आणि आपल्या औषधांच्या डब्यात काय आहे, हे शांतपणे पाहिले तर त्याचे उत्तर बहुधा सापडते. आपण किंवा आपल्या घरातील ज्येष्ठ अशा बेतात असाल, तर हिमाचल प्रदेशातील स्पितीच्या खोऱ्याची वाट समोर ठेवून विचार करून पाहू या.

आधी गाडी. कच्च्या, खडकाळ वाटांसाठी बनवलेल्या मोटारसायकलींचे पुढचे चाक मोठे, बैठक उंच आणि हँडल रुंद असते. बसणारा ताठ बसतो, त्यामुळे कंबरेला आराम मिळतो. परंतु उंच बैठकीवर पाय टाकताना खुब्याची परीक्षा होते. मागे सामान बांधले की ती अधिकच कठीण होते. आपल्याकडे 2016 साली आलेल्या रॉयल एनफील्ड हिमालयनचे वजन दोनशे किलोच्या घरात जाते, तर 2019 मध्ये आलेल्या हीरोच्या एक्सपल्स 200 चे एकशे साठ किलोच्या आतबाहेर. बैठकीची उंची मात्र दोहोंचीही ऐंशी सेंटिमीटर किंवा त्याहून थोडी अधिक. प्रवासात घालणार तेच बूट घालून दुकानातील गाडीवर बसा. दोन्ही पायांचे चवडे जमिनीवर घट्ट टेकत नसतील, तर ती गाडी आपली नव्हे, मग तिचे इंजिन कितीही दमदार असो.

माझे मत विचाराल तर या वयात हलकी गाडीच घ्यावी. खडीच्या रस्त्यावर गाडी वेगात असताना क्वचित आडवी होते. ती आडवी होते थांबताना, वळवताना, पाय टेकताना. पडलेली गाडी उचलण्याची रीत आहे. आधी इंजिन बंद करावे, गाडी गिअरमध्ये ठेवावी, बैठकीला पाठ लावून उभे राहावे आणि पायांच्या बळावर मागे सरकत ती उभी करावी. ही रीत शिकून अवश्य घ्या, पण हाडे ठिसूळ झाली असतील तर एकट्याने तिचा प्रयोग करू नका. सोबती येईपर्यंत गाडीशेजारी बसून राहण्यात काडीचाही कमीपणा नाही. निघण्याआधी दोन-तीन महिने गावाबाहेरच्या मुरमाड रस्त्यावर पायट्यांवर उभे राहून चालवण्याचा सराव करावा. अशा वेळी गुडघे स्प्रिंगसारखे काम करतात. अर्ध्या तासाने गुडघा सुजत असेल, तर तेही एक उत्तरच समजावे.

आता वाट. स्पितीला दोन बाजूंनी जाता येते. मनालीकडची वाट जवळची, म्हणूनच फसवी. सुमारे दोन हजार मीटरवरून निघालेला माणूस त्याच दिवशी साडेचार हजार मीटरहून उंच कुंझुम खिंडीत पोहोचतो. त्यातच ग्रांफूपासून बातलपर्यंतचा मार्ग दगडगोट्यांचा, आणि दुपारी बर्फ वितळू लागले की नाल्यांचे पाणी वाढते. ज्येष्ठांनी या बाजूने चढू नये, असे मी स्पष्टच सांगेन.

सिमल्याकडची वाट लांबची आहे, पण ती शरीराला वेळ देते. नारकंड्याचे देवदार मागे टाकून रस्ता रामपूरजवळ सतलजच्या काठी उतरतो, तेव्हा चक्क उकडते. एक मुक्काम या परिसरात करून पुढे किन्नौरमधील कल्पा गाठावे. उंची सुमारे 2,960 मीटर. समोर किन्नर कैलासाची हिमशिखरे, भोवती सफरचंदाच्या बागा. येथे दोन रात्री काढा. पहिल्या दिवशी काहीही 'पाहायला' जाऊ नये. गच्चीत बसून शिखरांवरचे ऊन कसे बदलते ते न्याहाळावे, एवढाच कार्यक्रम.

कल्प्याखाली पोवारीला पेट्रोलची टाकी भरून पहाटेच निघावे. खाबला स्पिती नदी सतलजला मिळते आणि तिथून हिरवाई जणू कुणी पुसून टाकावी तशी नाहीशी होते. उघडे, पिवळे-करडे डोंगर आणि त्यांच्या अंगावरून वळसे घेत चढणारा रस्ता. नाको गाव सुमारे 3,660 मीटरवर आहे. तेथे जेवावे, विसावा घ्यावा, पण रात्र काढू नये. दिवस लांबला तरी ताबोपर्यंत, म्हणजे सुमारे 3,280 मीटरपर्यंत, उतरून झोपावे. तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची उंची एका दिवसात पाचशे मीटरहून अधिक वाढू नये, हा वैद्यकीय संकेत या आखणीने आपोआप पाळला जातो. तेथून काजा पन्नास किलोमीटरही नाही.

ताबो मला या वाटेवरचे सर्वांत प्रेमळ गाव वाटते. इसवी सन 996 मध्ये स्थापन झालेला येथील मातीचा मठ सपाट जमिनीवर आहे. की किंवा धनकर येथल्या मठांसारखी चढण नाही, त्यामुळे दुखऱ्या गुडघ्यांनाही तो मोकळा आहे. आतील भित्तिचित्रांमुळे त्याला 'हिमालयातील अजिंठा' म्हणतात. बाहेरच्या लखलखीत उन्हातून आत शिरताच क्षणभर काहीच दिसत नाही. मोतीबिंदू असलेल्यांनी दाराशीच थांबावे, डोळे निवळू द्यावेत. मग हळूहळू भिंतीवरून मातीच्या मूर्ती पुढे येऊ लागतात.

काजाच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन तृतीयांश उरतो. इंजिनही धापा टाकते आणि माणूसही. डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणे ही पहिली खूण. अशा वेळी वर चढू नये. तोल जाणे, बोलण्यात गोंधळ होणे किंवा बसल्या जागी दम लागणे, ही तातडीने खाली उतरण्याची खूण. ती रात्री दिसली तर सकाळची वाट पाहू नये.

निघण्यापूर्वी डॉक्टरांपुढे औषधांचा डबा उघडा. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांची नाडी उंचीवर हवी तेवढी वाढत नाही. लघवीच्या गोळ्यांनी शरीरातील पाणी आणखी घटते. रक्त पातळ करणारे औषध चालू असेल, तर हेल्मेट घालूनही डोक्याला लागलेला साधा मार धोक्याचा ठरू शकतो. गोठलेले इन्सुलिन निरुपयोगी, म्हणून ते कपड्यांच्या आत, अंगालगत ठेवावे. डायमॉक्ससारखी गोळी शेजाऱ्याच्या सांगण्यावरून घेऊ नये. रात्री उठावे लागते म्हणून पाणी कमी पिण्याचा मोह अनेकांना होतो; तो टाळावा.

नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, रक्तदाब आटोक्यात नसेल किंवा भोवळ येत असेल, तर मोटारसायकलचा हट्ट सोडावा. अशांसाठी, डॉक्टरांची संमती असल्यास, कल्पापर्यंतचा मोटारीचा प्रवास आहे, आणि त्या गच्चीतून दिसणारी शिखरे तीच असतात.

घरी थांबणाऱ्यांना एक विनंती. या वाटेवर कित्येक टप्प्यांत मोबाइल चालत नाही. दर तासाला फोनची अट घालू नका, त्याने चालवणाऱ्याचे लक्ष उडते. मुक्कामांची नावे, सोबत्यांचे क्रमांक आणि औषधांची यादी कागदावर लिहून घ्या. तशीच यादी, रक्तगटासह, चालवणाऱ्याच्या जाकिटाच्या खिशात असू द्या. सरकारी रुग्णालय रेकाँग पिओला आहे आणि काजालाही. मधल्या टप्प्यात कुठून कुठे वळायचे, हे सोबत्यांनी निघण्याआधीच ठरवलेले असावे. फोनची वेळ ठरवायचीच, तर ती संध्याकाळी मुक्कामी पोहोचल्यानंतरची ठेवा.